जाळीपलीकडची पिल्लं

जावयाने सासऱ्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये मधोमध जाळी ठोकली, तेव्हाच सासूबाईंना ते पटलं नव्हतं. मका महागल्यापासून सासरे कोंबड्यांना गहू चारत होते. पण गव्हाने त्यांची पोटं बिघडत, खालचं तूस ओलं होई आणि वजन काही भरत नसे. जावई नुकताच एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीत लागला होता, तोही कच्चा. आपली पावडर गहू पचवून देते हे साहेबांना दाखवता आलं तर नोकरी पक्की; नाहीतर घरजावई व्हायची वेळ.

म्हणून अलीकडच्या पिल्लांना गहू आणि पावडर, पलीकडच्यांना नुसता गहू. सासऱ्यांचं म्हणणं, आमच्या कोंबड्यांना आजवर पचायला कुणी शिकवलं नव्हतं.

अलीकडच्यांना पुरेल एवढीच पावडर मोजून सासूबाईंच्या हाती देऊन जावई फिरतीवर गेला. थोड्याच दिवसांत पलीकडचं तूस ओलं झालं. तिकडची पिल्लं जाळीला चोच लावून इकडे बघत बसतात, असं सासूबाईंना वाटू लागलं. मुलीने समजावलं की फरक बघायचा तर एका बाजूला द्यायचंच नसतं. सासूबाईंनी मान डोलावली. लग्न झाल्यापासून त्या अशीच मान डोलवत आणि मग मनात असेल तेच करत.

वजनाच्या दिवशी साहेब आले. अलीकडची कोंबडी काट्यावर ठेवली, मग पलीकडची. दोन्ही चांगल्या भरलेल्या, पण काटा तिथल्या तिथे. जावई धावत जाऊन दुसरा काटा घेऊन आला. तोही पहिल्याचाच भाऊ निघाला.

"म्हणजे नुसत्या गव्हावरही भागतं," सासरे फार समाधानाने म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की उरलेलं समाधान त्यांनी गिळून टाकलं.

साहेबांनी वाकून पलीकडचं तूस मुठीत दाबलं. कोरडं. नुसता गहू खाऊन हे कसं, असं त्यांनी विचारलं. जावयाचा चेहरा सासूबाईंना बघवेना.

"अर्धी अर्धी वाटली मी पावडर," त्या म्हणाल्या. "एका छपराखाली असा पंक्तिप्रपंच मला नाही जमत. जावईबापूंचा काही दोष नाही. डोळे मिटून विश्वास ठेवला हो माझ्यावर."

जावयाने आता खरोखरच डोळे मिटले होते.

साहेब विचारात पडले. अर्ध्या पावडरीत काम झालं, म्हणजे पावडर खरी होती. कंपनीला परवडणार नाही इतकी खरी. त्यांनी आवाज खाली आणला. "ह्यांची नोकरी पक्की समजा. फक्त आई, हे अर्ध्याचं बाहेर कुठे बोलू नका."

सासूबाईंची काहीच हरकत नव्हती. पण तोवर सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर प्रेमाने हात टाकला होता आणि ते शेजारच्या शेडपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारत होते, "जावईबापू, मग आपल्याला पावडरीचा अर्धाच डबा पुरेल ना?"