बंडूनानांच्या वाटची साखर

सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत मोकाशी राहतो. खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांवर तो आधीच पाकासारख्या गोड कॉफीत आणखी एक चमचा साखर घालतो आणि गंभीरपणे सांगतो, "ही बंडूनानांच्या वाटची."

बंडूनाना म्हणजे त्याचे पणजोबा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सभा गाजवणाऱ्या एका पुढाऱ्याचे चिरंजीव! वडिलांनी भर सभेत विलायती माल सोडला. टाळ्या वडिलांना आणि परदेशी मोरस साखर बंद झाली ती पोराच्या चहातली. वर जाडंभरडं धोतर नेसवून त्याला स्वदेशीचा नमुना म्हणून व्यासपीठावर उभं करायचे.

"अहो, शपथ बापाची आणि खाज पोराला!" मोकाशी हे काल घडल्यासारखं तळमळून सांगतो. रॅफल्स प्लेसच्या त्याच्या ऑफिसातल्या चिनी साहेबालाही बंडूनाना पाठ आहेत. मोकाशीवहिनी म्हणतात, "सासरे परवडले, पण हे पणजेसासरे नकोत बाई!"

सासरे म्हणजे मोकाशीचे वडील, माजी आमदार. घरात सदा माणसांचा राबता, पण मोकाशीच्या वाट्याला ते एकटे असे कधी आलेच नाहीत. मागच्या वर्षी ते पहिल्यांदाच सिंगापूरला आले. मी इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. लगेच रविवारी सत्कार ठरवून टाकला. कधी कुणाला नाही न म्हणणारा मोकाशी ताडकन म्हणाला, "रविवार माझा. बाबांना पुलाउ उबीन बेटावर नेणार. दोघंच."

मीही कमी नाही. शाल-श्रीफळ घेऊन थेट बोटीच्या धक्क्यावर हजर!

"आलायत तर चला," मोकाशी म्हणाला, "पण नारळ पिशवीबाहेर काढलात तर बघा."

बोट माणसं भरली की सुटते. माणसं जमलेली दिसताच आमदारसाहेब सवयीने उठले, हात जोडले, "बंधुभगिनींनो..." समोरच्या चिनी आजीबाईंनीही बिचाऱ्यांनी हात जोडले.

मोकाशीने त्यांची बाही धरली. "बाबा, बसा ना. आज फक्त माझ्याशी बोला."

साहेब बसले. बोट हलली तसं त्यांनी मुलाचं मनगट घट्ट धरलं आणि हळूच विचारलं, "शिरीष, तुला पोहता येतं का रे?"

"येतं की, बाबा."

"कुणी शिकवलं?"

"मामाने. त्याच्या विहिरीत."

"मला कसं माहीत नाही? सांग बघू."

पंचेचाळीस वर्षांचा मोकाशी हातवारे करत सांगत सुटला. बेट आलं, सगळे उतरले, तरी हा विहिरीच्या काठावरच! नावाडी उतरा म्हणून खुणावू लागला.

साहेबांनी सभेतल्यासारखा हात वर केला आणि त्याला चक्क मराठीत दटावलं, "थांब रे जरा. पोरगं बोलतंय माझं."