सवड २.०

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला जावईबापूंनी ‘सवड’ची नवी आवृत्ती जगाला बहाल केली आणि ऐटीत खुर्चीत रेलले. आता जगाने आभार मानायचे तेवढे बाकी होते. ‘सवड’ ही त्यांनी सात वर्षं खपून लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामला फुकट जोडून घ्यायचा तयार कोड. कुणाला भेटीची कोणती वेळ द्यायची, ते ती ठरवायची.

ती कुणी जोडून घेतली होती का, हा मात्र घरातला नाजूक प्रश्न होता. बायको दातांची डॉक्टर. दवाखान्यात निघताना रोज न चुकता विचारायची, “वापरतं का रे कुणी?” आणि निवृत्त पोस्टमन असलेले सासरे पेपराआडून खोकायचे. तो खोकला जावईबापूंना फार लागायचा.

या खेपेला त्यांनी कोडमधली जुनी अडगळ झाडून काढली होती. दोन भेटींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवणारा एक जुनाट तुकडा होता, तोही उडवला. अंतर आता ज्याचं त्याने ठरवावं. असल्या जुन्या गोष्टी वापरतो कोण?

साडेनऊला पहिली तक्रार आली: ‘एकाच वेळी दोघांना भेट.’ काही बिघडलं की ‘सवड’ आपणहून कर्त्याला पत्र धाडायची, ही सोयही त्यांचीच. मग दुसरी आली, दहावी आली. अकरापर्यंत बेचाळीस झाल्या.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. जावईबापूंची छाती फुगली.

“बाबा, बेचाळीस तक्रारी! वापरल्याशिवाय का कुणी तक्रार करतं?”

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. “पाठवणारा कोण ते बघितलंत का?”

“असतील ठिकठिकाणचे.”

“बघा तरी. आम्ही आधी पत्ता वाचायचो.”

जावईबापूंनी बघितलं. बेचाळीसही पत्रं एकाच कॉम्प्युटरवरून आली होती. “एखादी मोठी कंपनी दिसतेय,” ते म्हणाले, आणि छाती आणखी बोटभर फुगली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, म्हणजे प्रकरण गंभीर.

“आठवड्याभराचे सगळे पेशंट आत्ता माझ्या दवाखान्यात आहेत. प्रत्येकाला सकाळी नवी वेळ गेलीय, आज अकराची. एक आजोबा माझ्या स्टुलावर बसलेत.”

सात वर्षांपूर्वी दवाखान्याच्या कॉम्प्युटरला ‘सवड’ आपणच जोडली होती, आणि नवी आवृत्ती आली की ती आपोआप बसेल अशी व्यवस्थाही केली होती, हे जावईबापूंना तेव्हा आठवलं.

“किती जण आहेत?” त्यांनी चाचरत विचारलं.

“त्रेचाळीस.”

“बरोबर. पहिल्याची तक्रार येत नाही. हिशोब चोख आहे.”

“इकडे ये,” बायको म्हणाली.

त्रेचाळीस जणांची हात जोडून माफी मागायला, वहीत नव्या वेळा लिहायला आणि तो जुनाट तुकडा परत बसवायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी निघताना बायकोने रोजचा प्रश्न विचारला नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच! जावईबापूंनी ती पोचपावती समजून ठेवून घेतली. सासरे पेपराआडून खोकले.