क्रॉसओव्हरचे सौम्य धक्के

पिंपरी पेंढारच्या अलीकडे एक वाडी आहे. २००५ साली तिथल्या हौशीरामने टोमॅटोला बरा भाव मिळाल्याच्या आनंदात घरी होम थिएटर बसवले. त्यात पाच छोटे स्पीकर आणि दिवाणाखाली सरकवलेला एक मोठा डबा होता. जाड आवाज डब्याने काढायचा, बाकीचा छोट्यांनी. ही हद्द ठरवणाऱ्या बटणाला क्रॉसओव्हर म्हणतात. हौशीरामचा जन्म शेजाऱ्याचा बांध कोरण्यात गेलेला. त्याने डब्याची हद्द वर सरकवता येईल तितकी सरकवली आणि जोरही पूर्ण ठेवला.

परिणामी मालिकेतली सासू रडली, की दिवाणाखाली रेडा हंबरे.

"जरा कमी करा की. बाई कुठली आन् रेडा कुठला, कळंना झालंय," बायको इंद्रायणी म्हणाली.

"पावण्यांची छाती हादरली न्हाई, तर त्यान्ला अपमान वाटतो," हौशीराम म्हणाला.

भिंतीला भिंत लागून रखमाजी राहत. त्यांच्या फळीवरची भांडी रोज खाली येऊ लागली. हौशीरामशी बांधावरून बोलणे बंद असल्याने शेजारी चौकशी करणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी थेट तहसील कचेरीत भूकंपाची तक्रार दिली.

पाहणीला सावळेराम साहेब आले. रखमाजींच्या घरात त्यांच्या हातातली बशी थरथरली. धक्के ठरल्या वेळी येतात, मधे मधे विश्रांती घेतात आणि शनिवार-रविवार सुट्टी पाळतात, हे ऐकून साहेबांना या भूकंपाबद्दल आदरच वाटला. त्यांनी सर्वांना घराबाहेर पडण्याचा हुकूम दिला. हौशीराम कायद्याला मानणारा. तो टीव्ही बंद करून बाहेर आला. धक्के तत्काळ थांबले. उपाययोजना यशस्वी ठरली.

वाडी भूकंपप्रवण जाहीर झाली. धोक्याचा भोंगा सतत सज्ज राहावा म्हणून तिथले भारनियमनही उठले. शेजारच्या निमगाव सावात वीज गेलेली असताना इथे मोटारी दिवसाढवळ्या पाणी ओढू लागल्या.

अशात एका दुपारी इंद्रायणीने डब्याचे बटण खाली आणले. सासू सासूसारखी रडली. इंद्रायणीही कितीतरी दिवसांनी पोटभर रडली. धक्के बंद पडले आणि विजेची सवलत काढून घेण्यासाठी फेरतपासणी लागली.

सगळी वाडी तिच्या दारात जमली. सर्वांत पुढे रखमाजी होते.

"वयनी, बटण वर करा. भांडी पाडायची लागली तर मी हातानं पाडीन, पण लाईट जाऊ देऊ नका."

"मी खोटं बोलणार न्हाई, भाऊजी."

साहेब येताच तिने त्यांना आत नेले आणि बटण फिरवले. भिंत हादरली. उलटे फिरवले, शांत.

"सायेब, भूकंप म्हंजी ह्यो."

साहेबांनी स्वतः एकदा बटण फिरवून बघितले. त्यांचा अहवाल वरपर्यंत गेला होता, तिथे वाखाणलाही गेला होता.

"म्हणजे ताई, भूकंप तुमच्या नियंत्रणात आहे," ते हळूच म्हणाले. "असं आजवर कुणालाच जमलेलं नाही."

आठवड्याभरात इंद्रायणी मानद भूकंप नियंत्रक झाली. नियंत्रक असेल तर भूकंप असणे बंधनकारक. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार बटण शेवटपर्यंत ठेवणे, हे तिचे पहिले कर्तव्य ठरले. नेमणुकीचा हार रखमाजींनी आणला. बांधाचे भांडणही त्याच दिवशी मिटले.

इंद्रायणी हल्ली मालिका बघायला माहेरी जाते.

तिने ठाम नकार द्यायला हवा होता, असे आपल्याला वाटत असेल. वाटणे योग्यच आहे. फक्त तसे वाटत असताना आपल्या डोक्यावरचा पंखा चालू होता का, एवढे बघून घ्या.