भूमध्य समुद्र कोरला गेला त्याची हकीकत

पृथ्वी प्रथम उत्पन्न जाहली, मग तिजवर पाणी पसरले, मग पाण्यातून सात खंडे वर आली, आणि बहुत युगे लोटल्यावर त्या सात खंडांवर इयत्ता नववी, तुकडी ब, बसविण्यात आली. बसल्यावर त्यांजमध्ये जो कलह मातला, आणि त्या कलहात भूमध्य समुद्र जो नाहीसा जाहला, आणि तो फिरोन कैसा हस्तगत केला, त्याचा मजकूर ऐसाजे.

सणसर आणि अंथुर्णे यांचे दरम्यान, तिन्ही अंगांनी उसाने वेढलेले एक हायस्कूल आहे. तेथे भूगोलाची जहागीर राजश्री साजियाबाई मुलाणी यांजकडे. बाई नित्य बारामतीहून स्कूटीवर स्वार होऊन निघत, आणि वाटेत उसाच्या ट्रॉल्यांना बगल देत देत, अंगावर पाचट घेऊन, घंटेचे आत दाखल होत. जहागीर म्हणजे आठवड्यास दोन तास, आणि तेही निर्वेध नव्हेत. कारण अगोदरचे तासास गणिताचे रविराज सर यांचा अंमल. सरांचा दस्तूर ऐसा की, घंटा जाहली तरी फळा सोडू नये. "येवढं एक गणित हुतंय का बघू," म्हणावे, आणि भूगोलाची पाच मिनिटे खावी. तोवर बाई दाराबाहेर नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन उभ्या. ऐसा क्रम शाळा उघडल्यापासून चालिला, आणि कोणी त्यास अन्याय म्हणत नसे, वेळापत्रक म्हणत.

परंतु मनुष्याचे पोट पाच मिनिटांनी भरत नाही. सरांनी मुख्याध्यापक जयवंतराव यांचे कानी घातले की, दहावीचा निकाल नववीपासून घडतो, सबब भूगोलाचे दोन्ही तास गणिताकडे द्यावे, भूगोल काय मुले घरी वाचतील. जयवंतराव मोठे मुत्सद्दी, त्यांणी कोणासही न दुखविता हुकूम फर्मावला की, येते शुक्रवारी इंदापुराहून विस्तार अधिकारी साहेब तपासणीस येत आहेत. त्यांजपुढे नववी ब ने सात खंडे जागच्या जागी दाखवून दिली तर भूगोलाचे तास कायम. न दाखविली तर तास गणिताचे, आणि बाईंनी त्या वेळात धाकट्या वर्गांचे खिचडीवर देखरेख करावी.

बाईंनी खिचडीचे पातेले डोळ्यांपुढे आणिले, आणि मग वर्गाची चाचपणी केली. सणसरचे बागायतदारांचे चिरंजीव ऋषिराज यांस आफ्रिका पुसली. ते वदले, "दुबईच्या अलीकडं हाय, म्याडम. आमच्या चुलत्याची केळी जात्यात तिकडं." श्रेया म्हणोन वर्गाची मॉनिटर, तिजला युरोप पुसला, तो अमेरिकेचा एक जिल्हा निघाला. रेश्मा मागचे बाकावरून सर्वांची उत्तरे सुधारीत असे, तिजला अंटार्क्टिका पुसली. ती म्हणाली, "ती फ्रीजची कंपनी न्हाय व्हय?"

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग त्यांणी मसलत ऐसी केली की, जग पुस्तकात राहते तोवर या फौजेचे हाती लागत नाही, सबब ते मैदानात उतरवावे. म्हस्कू शिपाई यांजकडून फक्कीचे पोते मागविले, आणि कबड्डीचे पटांगणापलीकडे सात खंडे पांढऱ्या रेघांनी आखिली. आफ्रिका ऋषिराजाकडे दिली, युरोप श्रेयाकडे, अंटार्क्टिका रेश्माकडे, आणि प्रत्येकाचे हाताखाली शिबंदी नेमून दिली. बाकीची चार खंडेही ज्याची त्यास पोहोचली. त्या सरदारांनी फारसा उपद्रव दिला नाही, सबब त्यांची नावे लिहीत नाही. आणि हुकूम जाहला की, रोज खेळाचे तासास ज्याने त्याने आपले खंडात उभे राहावे, शेजारी कोण आणि समुद्र कोणता हे पाहून ठेवावे.

पहिले दिवशीच अंटार्क्टिकाकडून तक्रार गुजरली. रेश्मा म्हणे, "ह्येला काय न्याय म्हणायचा? समद्यांला बागायत आन् आमाला बर्फ. त्येबी पाटाच्या टेलाला. आन् मागं बघावं तर शाळेची भिंत!"

बाईंनी तिची समजूत केली. दुसरे दिवशी निमगाव केतकीचे बाजारातून एक डाळिंब आणिले, आणि दाखविले की, पृथ्वी ऐसी गोल. देठ तो उत्तर ध्रुव, खाली तुरा तो दक्षिण ध्रुव, तुरा तुझा. भिंत केवळ शाळेपुरती आहे. रेश्माने डाळिंब ठेवून घेतले. ते तिने खाल्ले नाही, ही गोष्ट त्या वर्गात आश्चर्याची मानली गेली. नित्य अंटार्क्टिकावर बसून डाळिंब फिरवीत असे.

आता कलहाचे मूळ सांगतो. या मुलखात नांगर धरणारास एक सवय आहे. बांधाशी आले की फाळ वीतभर पलीकडे जातो. हातास ते कळत नाही, बांधास कळते. श्रेयाचा युरोप लहान, आणि त्यावर माणूस दाटले. मग तिने कोणास न सांगता दक्षिणेची रेघ चपलेने पुसली, आणि मुठीतल्या फक्कीने चार बोटे पुढे ओढली. दुसरे दिवशी आणखी चार बोटे. भूमध्य समुद्राचा पाट जाहला, पाटाची सरी जाहली, आणि बुधवारी सकाळी पाहतात तो युरोपाची रेघ आफ्रिकेत. समुद्र कोरला गेला.

ऋषिराज हा शूर, परंतु श्रेयाचे जिभेस वचकून असे. त्याने उत्तरेस तोंड न देता पूर्वेस चाल केली, आणि हिंदी महासागराचे पडीक पाणी वहितीखाली आणिले. तांबडा समुद्र त्याने येता जाता पायाखाली घातला. ते पाहून बाकीच्या सरदारांसही आपले हक्क आठवले. गुरुवारी सायंकाळी सारे जग एकाच गट नंबरात आले, आणि पाणी म्हणोन मैदानाचे नळाखेरीज कोठे राहिले नाही.

शुक्रवारी बाई दाखल जाहल्या, आणि जग पाहून जागीच उभ्या राहिल्या. म्हस्कूकडे फक्की मागविली. त्याने कळविले की, "संपली, बाई. युरोपवालीनं नेली समदी." इतक्यात फाटकाशी साहेबांची जीप आली. रविराज सर व्हरांड्यात खडूंची पेटी घेऊन उभे होते. नवीन पेटी होती. बाईंनी पदर खोचला, मग सोडिला. त्या आठ वर्षे भूगोल शिकवीत होत्या, आणि खिचडी त्यांस घरचीही जमत नसे.

तेसमयी युरोपाचे सरहद्दीवर आवाज चढला.

"आमच्या दक्षिणेला समुद्र हुता, आमी कुठं न्हाय म्हणतो?" श्रेया म्हणे.

"हुता ना? मग त्यो गेला कुठं? उन्हानं आटला?" ऋषिराज.

"तू नगं बोलूस! तुज्या उत्तरेला भूमध्य, पश्चिमेला अटलांटिक, पूर्वेला हिंदी महासागर. त्यो हिंदी महासागर कुठाय? गिळलास का न्हाय?"

"आन् तुज्या पूर्वेला उरल पर्वत, त्येच्या पल्याड आशिया. तिकडं का न्हाय सरकली? तितं फिरोज बसलाय म्हून! आमीच गरीब दिसलो व्हय?"

बाईंनी हे ऐकिले, आणि त्यांचे मुखावर तेज आले. ज्या फौजेस परवा आफ्रिका ठाऊक नव्हती, ती आज आफ्रिकेच्या चारी दिशांवर भांडत होती. रान कोणाचे, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हे न जाणता या मुलखात कोणी भांडणास उभा राहत नाही. मग बाईंनी रेघा दुरुस्त करण्याचा विचार सोडिला, आणि साहेबांस सामोऱ्या गेल्या.

साहेबांनी मैदान पाहिले. जयवंतरावांनीही पाहिले, आणि नजर उसाकडे वळविली. साहेब म्हणाले, "बाई, हे काय आहे? यात समुद्र कुठं आहे?"

बाईंनी अर्ज केला की, "साहेब, अतिक्रमण झालंय. सात खातेदार आहेत. आज मोजणी ठेवली आहे, आपण बसावं."

मोजणी हा शब्द कानी पडताच साहेबांची मुद्रा पालटली. त्यांचा स्वतःचा बांध धाकट्या भावाने कोरला होता, आणि ते दुःख त्यांस कोठे बोलता येत नव्हते. त्यांणी फाईल मिटली, खुर्ची मागविली, ती उत्तर ध्रुवावर मांडिली, आणि हुकूम केला की, ज्याने त्याने आपल्या चतुःसीमा सांगाव्या, खोटे बोलू नये.

प्रथम आफ्रिका उभी राहिली, आणि एकदा खाकरून बोलली की, पूर्वेस हिंदी महासागर, पश्चिमेस अटलांटिक महासागर, उत्तरेस भूमध्य समुद्र आणि त्यापलीकडे श्रेयाची जमीन, दक्षिणेस दोन्ही महासागरांचा मिलाफ, येणेप्रमाणे. मग युरोपाने सांगितल्या. मग बाकीचे सरदार एकामागून एक उठले, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याची चूक त्याचे तोंडावर काढली, त्यामुळे चूक शिल्लक राहिली नाही. जेथे निवाडा होई तेथे म्हस्कू काठीने रेघ ओढी, आणि समुद्र परत येई. युरोप मागे हटताना श्रेया इतकेच पुटपुटली, "मावायचं कसं, ते बी सांगा मग." साहेबांनी ते ऐकून न ऐकिल्यासारखे केले.

अखेर अंटार्क्टिकाची पाळी आली. रेश्मा आपले बर्फाचे मध्यभागी उभी राहिली, पाठीशी भिंत, आणि म्हणाली, "साहेब, मी दक्षिण ध्रुवावर उभी हाय. मला पूर्व न्हाय, पश्चिम न्हाय, दक्षिण तर न्हायच न्हाय. आमच्या चारी सीमा उत्तरेला."

जयवंतरावांनी कपाळास हात लाविला. रविराज सरांनी खडूंची पेटी उघडली.

साहेब म्हणाले, "चारी सीमा एकाच दिशेला? असं कुठं असतंय का, पोरी?"

रेश्माने दप्तरातून डाळिंब काढिले आणि तुऱ्यावर बोट ठेविले. "हितनं मुंगी सोडा, साहेब. हिकडं जाऊ द्या न्हायतर तिकडं जाऊ द्या, देठाकडंच जाणार. देठ म्हंजी उत्तर ध्रुव. मग काय झालं?"

साहेबांनी डाळिंब फिरविले. त्यांस उमगेना. त्यांणी ते जयवंतरावांस दिले, त्यांणी फिरविले, त्यांसही उमगेना. मग गोल वस्तूंचा जाणकार शाळेत कोण, ऐसी विचारणा होऊन डाळिंब रविराज सरांचे हाती आले. सरांनी ते पाहिले, खाली ठेविले, पुन्हा उचलले. लबाडी करण्यास जागा चिक्कार होती. परंतु गणिती मनुष्य, गोलाशी खोटे बोलवेना. अखेर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बरोबर आहे."

साहेब खुर्चीवरून उठले, आणि शेरा दिला की, भूगोलाचे दोन्ही तास कायम, कोणी हरकत घेऊ नये. शेरा लिहिताना त्यांचा बूट आशियाचे रेघेवर पडोन ती थोडी सरकली, परंतु सरकारी बूट म्हणोन कोणी बोलले नाही.

पुढे मंगळवारी घंटा जाहली. रविराज सर फळा न सोडता म्हणाले, "येवढं एक गणित हुतंय का बघू." तो श्रेया उठली. तिजमागे ऋषिराज उठला. समुद्र परत आल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

श्रेया म्हणाली, "सर, भूगोलाचा तास. पश्चिमेला गणित, पूर्वेला मधली सुट्टी."

ऋषिराज म्हणाला, "पश्चिमेचा बांध सोडा, सर."

सरांनी वर्गाकडे पाहिले, हातातील खडूकडे पाहिले, आणि फळा स्वतः पुसला. बाई दाराबाहेर उभ्या राहाव्या तर दार मोकळे. घंटेचा नाद हवेत होता तोच त्या वर्गात शिरल्या, आणि इतका वेळ हाती आलेला पाहून क्षणभर काय शिकवावे हे त्यांस सुचेना.

येणेप्रमाणे पाच मिनिटे सर करोन भूगोलाचे अमलात दाखल केली. त्या पाच मिनिटांत डाळिंब फोडोन सातही खंडांस वाटिले. अंटार्क्टिकास चार दाणे अधिक गेले, आणि युरोपाने लागलीच हरकत घेतली. हरकत फेटाळिली. येथे या हकीकतीचाही बांध घातला असे.