भाऊंच्या अंगणात पडलेलं चॅनल

आमच्या आंब्याची एक फांदी शेजारच्या नामदेवभाऊंच्या अंगणावर गेली आहे. तिकडे पडलेला प्रत्येक आंबा भाऊ पंच्यानं पुसून आमच्या दारात आणून देतात. "ठेवून घ्या हो," म्हटलं की विचारतात, "नियमात बसते काय?"

भाऊ संग्रामपूरच्या तहसीलीत अव्वल कारकून होते. निवृत्त होऊन सोनाळ्याला आले, पण नियम काही निवृत्त झाले नाहीत. रस्त्यावर कुत्रंही नसलं तरी सायकल वळवताना हात दाखवतात. मी त्यांना हसतो; पण असा शेजारी लाभल्याचा मला मनातून अभिमानही आहे.

त्यांचा मुलगा आखातात असतो. नात तिकडेच जन्मली, सहा वर्षांची झाली, इकडे एकदाही आली नाही. फोटो तेवढे येतात. तिथल्या बंदीमुळे व्हिडिओ कॉल लागत नाही, आणि चोरवाटेनं लावायचं ॲप भाऊ फोनमध्ये येऊ देत नाहीत.

यंदा उन्हाळ्यात ती तिथल्या टीव्हीवर, लहान मुलांच्या कार्यक्रमात चित्र काढणार होती. मुलानं सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर तिकडचा टीव्हीचा बॉक्स आणि त्यात घालायचं पैसे भरलेलं कार्ड पाठवलं. मी हौसेनं गच्चीवरची डिशची छत्री फिरवून चॅनल लावून दिलं. भाऊंनी चष्मा लावून कार्डामागचा बारीक इंग्रजी मजकूर वाचला आणि बॉक्सच बंद केला. कार्ड फक्त त्याच देशात वापरायचं होतं.

मी म्हणालो, सिग्नल तर आपल्याच गच्चीवर पडतो.

"आंबाबी माह्या अंगनात पडते," भाऊ म्हणाले. "म्हून झाड माह्यं होते काय?"

झाड माझंच होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी भाऊंच्या बायकोनं, काकूंनी, मला बोलावून घेतलं आणि स्वतः बॉक्स सुरू केला. भाऊंना म्हणाल्या, "मी पाहीन. गुन्हा माह्या नावावर लिहा."

भाऊंनी खुर्ची उचलली. मला वाटलं, अंगणात जातील. पण ते टीव्हीकडे पाठ करून लोखंडी कपाटासमोर बसले. पाहायला मनाई आहे, ऐकायला नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

पडद्यावर नात आली. दोन वेण्या, उजव्या हातात ब्रश. तिनं झाड रंगवलं आणि तिकडच्या भाषेत बरंच बोलली. त्यातलं 'आबा' एवढंच आम्हाला कळलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. भाऊंनी मान वळवली नाही. मला त्यांचा राग आला, आणि कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंबा घेऊन दारात उभे. जायला वळले आणि थांबले.

"पोरगी आपली डावखुरी हाय हो," हळूच म्हणाले. "डाव्या हातानं काय झकास झाड काढलं तिनं."

मग मला त्या कपाटाचा उभा आरसा आठवला. आरशात उजवा हात डावा दिसतो. जन्मात एवढीच एक चोरी केलेला माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि चोरी कबूल करून बसलोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"हाव भाऊ," मी म्हणालो. "डावखुरीच हाय."