अण्णांचा बसचा हॉर्न

बेंगळुरूत आमच्या जयनगरच्या गल्लीत रोज सकाळी सहाला बस येते. म्हणजे बस नव्हे, तिचा आवाज. खालच्या मजल्यावरच्या शिवलिंगअण्णांनी आपल्या चिमुकल्या गाडीला बसचा हॉर्न बसवून घेतला आहे, आणि गाडी बाहेर काढताना ते तो दोनदा वाजवतात. इमारतीच्या बैठकीत मी तीनदा लेखी तक्रार दिली. अण्णांचं उत्तर एकच. "स्वल्पच वाजवतो की, अक्का."

अण्णा निपाणीकडचे. बेंगळुरू-बेळगाव एक्सप्रेस बस चालवून निवृत्त झालेले. माझ्या भाचीचं डोहाळजेवण बेळगावला होतं, दुपारी चारला, आणि पहिली ओटी मी भरायची होती. अण्णा गावी निघालेच होते. "चला की माझ्याबरोबर," म्हणाले. जन्मभर एक्सप्रेस चालवलेला माणूस वेळेचा पक्का असणार, असं मी धरून चालले. तिथेच चुकले.

मी यादी केली. साडेपाचला निघणे, आठला नाश्ता, बाराला जेवण, तीनला बेळगाव. सगळ्यात शेवटी : वाटेत हॉर्नचा विषय काढणे.

तुमकुरूच्या आधीच गाडी थांबली. पंक्चर नव्हतं, तळं होतं. अण्णा उतरले, कमरेवर हात ठेवून कमळं पाहिली, "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले आणि परत येऊन बसले. मग एक वड. मग चित्रदुर्गाजवळ पवनचक्क्या. मग एक टेकडी. त्या टेकडीत काहीही नव्हतं. मी नीट बघितली.

"अण्णा, हे सगळं तुम्ही जन्मभर बघितलंय."

"काचेतनं बघितलंय. एक्सप्रेस मध्ये थांबत नाही, अक्का."

हावेरी मागे पडलं तेव्हा तीन वाजून गेले होते. बहिणीचा फोन आला. "ताई, पाट मांडलाय. पोरगी कधीची नटून बसलीय. काय करू?"

"सुरू करा," म्हटलं, फोन ठेवला आणि अण्णांना सुनावलं. वेळेबद्दल, दिलेल्या शब्दाबद्दल, आणि ओघात हॉर्नबद्दलही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले. "आता एकदाच थांबू. शेवटचं."

माझ्या उत्तराआधी थांबलेसुद्धा.

रस्त्याकडेला झाडाखाली एक म्हातारी पेरूची टोपली घेऊन बसली होती. अण्णांनी आरशात बघून केस विंचरले. कुठल्याही तळ्यासाठी त्यांनी हे केलं नव्हतं. तिच्यापुढे उकिडवे बसून ते कन्नडमध्ये बोलत राहिले, बस, रोज, सकाळ. तिने पुढे बोट दाखवलं. बस तिकडे थांबते, म्हणाली. एवढं कन्नड मला कळतं.

चार पेरू घेऊन अण्णा परत आले.

"नाही ओळखलं," ते म्हणाले. "कसं ओळखेल? वीस वर्षं इथनं जाताना दोनदा वाजवायचो, ती हात करायची. तेवढंच. बोलणं कधी झालंच नाही बघा."

गाडी निघाली. टोपलीपासून थोडं पुढे जाताच अण्णांनी हॉर्न दोनदा वाजवला.

मी बाजूच्या आरशात बघत होते. म्हातारी खाली मान घालून पेरू रचत होती. मान तशीच ठेवून तिने हात वर केला.

अण्णांनीही आरशात पाहिलं. या वेळी 'सरी' म्हणाले नाहीत.

"अण्णा," मी म्हटलं, "परत एकदा वाजवा."