जेवणाच्या निर्णयाची टंचाई

यंदा चैत्रातच आमच्या गावातला 'रात्री जेवायला काय करायचं' हा निर्णय आटला.

भाजीची टंचाई नव्हती, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. मंडईत मेथीचे ढीग पडले होते आणि वांग्यांना कुणी विचारत नव्हतं. पण संध्याकाळी घरोघरच्या बायका बँकेतून, शाळेतून, दुकानातून परतायच्या, ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि त्यांना काही सुचायचंच नाही. पूर्वी हा निर्णय घरात रोज आपोआप यायचा. तो येतो कुठून, याची चौकशी करायची वेळ कधी आली नव्हती. पुरुषमंडळींनी आपल्या परीने होईल तेवढं केलं, म्हणजे 'आज काय आहे?' हे नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात विचारून पाहिलं. उपयोग झाला नाही.

टंचाई हाताळायचा अनुभव फक्त पाणीपुरवठा विभागाला असल्यामुळे नगरपालिकेने हे काम त्यांच्याकडे सोपवलं. विभागाचे अभियंता रणखांब साहेब मोठे शिस्तीचे. त्यांनी लगेच टँकर लावले. शेजारच्या जिल्ह्यात उरलेले निर्णय भरून आणायचे आणि गल्लीगल्लीत वाटायचे, अशी व्यवस्था झाली. पण टँकरचं ते टँकरचं. सगळं गाव ओळीने चवळी खात राहिलं. एकदा तर गाडी थेट कोकणातून आली आणि आमच्या शुद्ध शाकाहारी गल्लीत 'बांगड्याचं तिखलं' असा निर्णय वाटला गेला. आम्ही तो सही करून परत केला.

शेवटी गावातच झरा शोधायचं ठरलं आणि हरिबा पाणाड्यांना बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून हरिबा शेतातून चालतात आणि जिथे नारळ उभा राहतो तिथे पाणी लागतं, अशी त्यांची ख्याती. शाळेच्या मैदानावर गावातल्या बायकांना रांगेत उभं केलं. हरिबा एकेकीपुढे नारळ धरत निघाले. थोरल्या बायकांपुढे तो जरासा थरथरला. त्यातल्या एका आजीबाईंना रणखांब साहेबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा फार खोलवर थोडं पिठलं लागलं. तेही त्याच संध्याकाळी संपलं.

समानतेच्या तत्त्वानुसार पुरुषांपुढूनही नारळ फिरवला. माझ्यापुढे आल्यावर हरिबांनी मान हलवली.

"सायेब, हितं खडक हाय."

चारचौघांत असं बोलायची ही पद्धत नव्हे. मला राग आला आणि अजूनही आहे.

रांगेच्या शेवटी माझी बायको हेमलता उभी होती. बँकेत जायला उशीर होतोय म्हणून ती घड्याळ बघत होती. तिच्यापुढे नारळ ताडकन उभा राहिला आणि गरगर फिरला. हरिबांनी तिला वाकून नमस्कार केला.

आमच्या घरात निर्णय आटलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण रोज ताट येत होतं. आमचं घर फार बिझी आहे. मला विम्याचं ऑफिस आणि संध्याकाळी चालायचा ग्रुप, मुलाला, संकेतला, बारावीचे क्लास. हेमलताला फक्त बँक. बाकीचं सगळं ती घरीच करते.

सार्वजनिक हिताचा विचार करून नगरपालिकेने तिला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. पाण्याच्या टाकीखाली तिच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली. बँक सुटली की ती तिथे बसायची आणि माणसं पिशव्या घेऊन रांग लावायची.

"तुमच्याकडे काल वांगी झाली ना, मग आज मुगाची खिचडी टाका, पापड भाजा," ती मान वर न करता सांगायची. "उद्याला मटकी आत्ताच भिजवा. आणि भाऊ, तुमच्या मिसेसची आज रात्रपाळी आहे, तर तुम्हीच धपाटी लावा. पीठ तिने मळून ठेवलंय, मला सकाळी भेटली होती."

एकाला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी, दुसऱ्याला वरणफळं, तिसऱ्याच्या आईला दात नाहीत म्हणून मऊ भात. गाव पुन्हा वेळेवर जेवू लागलं. नगराध्यक्षांनी जाहीर सत्कार ठेवला आणि उगमाचे मालक म्हणून मला शाल दिली. हेमलताला येता आलं नाही. रांग मोठी होती.

पण गावाचं पोट भरलं की जिभेला हाड राहत नाही. 'परत खिचडी?' असं लोक टाकीखाली येऊन म्हणू लागले. एका गृहस्थाने तर दोन पर्याय हवेत म्हणून अर्ज केला. काही सधन कुटुंबं दुपारच्या डब्याचा निर्णयही उपसू लागली आणि एकाने आठवड्याचा साठा करून ठेवला.

ज्येष्ठात धार बारीक झाली. हेमलता प्रत्येकापुढे बराच वेळ गप्प बसायची आणि मग म्हणायची, "वरणभात." पुढच्यालाही वरणभात. घरीही काहीतरी बिघडलं. एका सकाळी ती आरशापुढे दोन टिकल्या हातात घेऊन नुसती उभी राहिली. लाल की मरून, ते तिला ठरवता येईना. शेवटी ती टिकली न लावताच बँकेत गेली. दुसऱ्या दिवशी चौकात रस्ता ओलांडायचा की नाही हे न ठरल्यामुळे ती कडेलाच थांबली, आणि एका रिक्षावाल्याने तिला घरी आणून सोडलं.

रणखांब साहेब पाहणीला आले. त्यांनी तिला चार प्रश्न विचारले आणि मला बाजूला घेतलं.

"बिराजदार, पातळी तळाला गेलीय. असाच उपसा चालला तर झरा मरेल. आणि मेलेला झरा परत लागत नाही. मग ह्या बाईंना उठायचं की झोपायचं, हेसुद्धा ठरवता येणार नाही."

मला भीती वाटली. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी मला भीती अशी कधी वाटली नव्हती.

"उपाय?" मी विचारलं.

"पुनर्भरण. जे काढलं ते थोडंतरी परत घालायचं. नियम सगळीकडे तोच. तुम्ही ह्यांना कधी विचारता का, तुला काय खायचंय म्हणून?"

"स्वयंपाक तीच करते," मी म्हणालो. "मग विचारायचा प्रश्न येतोच कुठे?"

साहेबांनी आदेश काढला, की हा प्रश्न पंचांसमक्ष विचारावा आणि तो पतीनेच विचारावा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीखाली सगळं गाव जमलं. सत्काराची शाल घालून मी हेमलतापुढे उभा राहिलो.

"हेमा, तुला आज काय खावंसं वाटतंय?"

"संकेतला बटाटा आवडतो," ती म्हणाली. "तुम्हाला तेलकट चालत नाही. कोबी संपवायला हवा."

"मॅडम," रणखांब साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला."

लोक पिशव्या सावरत ताटकळले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टाकीकडे पाहिलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येऊ लागला. पाणी चढतंय, असं हरिबा मागून कुणाला तरी म्हणाले.

"मला ना," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणीतरी केलेलं खायचंय. गरम. बाकी काहीही चालेल."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. पुरवठा पतीकडून, असा शेरा होता.

मी कागद वाचला. मागे सगळं गाव उपाशी उभं होतं आणि आता सगळे माझ्याकडे बघत होते.

"काहीही म्हणजे नक्की काय करू?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसली.

तिचं ताट वाढून होईपर्यंत गावाचा पुरवठा बंद राहील, अशी दवंडी नगरपालिकेने दिली आहे. लोक केळी आणि चुरमुऱ्यांवर आहेत आणि येता-जाता माझ्या खिडकीत डोकावतात. मी ओट्यापाशी उभा आहे. कोबी चिरावा की नाही, इथवर माझा विचार आला आहे. हेमलता बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसली आहे. लाल टिकली लावली आहे तिने. मधूनच ती पान उलटते आणि तिथूनच, मान वर न करता, विचारते, "झालं का?"